पालीचे पिलू : त्याचे घर आणि त्याचे जेवण



मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. उमरग्यातल्या आमच्या गल्लीत राहणारी, नववीत शिकणारी एक मुलगी संध्याकाळी लोणच्याची रिकामी बरणी हातात घेऊन आमच्या दारात उभी राहिली. बरणीचे झाकण घट्ट लावलेले होते. आत तळाशी काडीएवढे काहीतरी चिकटून बसले होते. नीट पाहिले, तर ते पालीचे पिलू होते.

"सर, भिंतीवरची मीटरची जुनी पेटी आज काढली," ती सांगू लागली. "तिच्यामागे दोन अंडी होती. एक पडून फुटले. दुसऱ्यातून हे बाहेर आले. आजी म्हणते, पाल घरात ठेवायची नाही, बाहेर टाकून ये. पण बाहेर टाकले तर कोंबड्या खातील. मला ते पाळायचे आहे. भाताचे शीत दिले, दुधाचा थेंब दिला, पण ते काहीच खात नाही."

मी आधी बरणीचे झाकण काढले आणि तोंडावर मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा दोऱ्याने बांधला. मग तिला बसायला सांगितले. तिच्या प्रश्नाचे उत्तर मला तिच्यापेक्षा जास्त हवे होते. त्याचे कारण जुने आहे.

मी पाचवीत असताना असेच एक पिलू धरले होते. पाल हा थंड रक्ताचा प्राणी आहे आणि त्याला बाहेरून ऊब लागते, असे पुस्तकात वाचले होते. म्हणून मी त्याला काचेच्या बाटलीत घातले, श्वासासाठी झाकणाला खिळ्याने पाच-सहा भोके पाडली आणि बाटली माळवदावर उन्हात ठेवली. जेवून परत आलो, तेव्हा पिलू मेलेले होते. हवेसाठी भोके होती, ऊबही होती. मग ते मेले कशाने? हा प्रश्न तेव्हा कोणाला विचारायचे धाडस झाले नाही. पुढे पदार्थविज्ञान शिकलो, तेव्हा त्याचे उत्तर मिळाले. ते उत्तर तुम्हीही काढू शकता, कारण त्याला लागणारे गणित नववीपलीकडचे नाही.

पाल म्हणजे कोण?

इंग्रजीत पालीच्या कुळाला 'गेको' म्हणतात. हा शब्द मूळ मलाय भाषेतला आहे आणि तो पालीच्या आवाजावरून पडला आहे. आपण ज्याला 'पाल चुकचुकली' म्हणतो, तोच हा आवाज. आपल्याकडे पाल चुकचुकली की मनात शंका येते आणि ती अंगावर पडली की पंचांगातले पल्लीपतनाचे कोष्टक उघडले जाते. खरे पाहता तो आवाज पालींनी एकमेकींसाठी काढलेला असतो. 'ही जागा माझी आहे' असा निरोप त्यात असतो, आणि त्या निरोपाचा आपल्या कामाशी काही संबंध नसतो.

घराच्या भिंतींवर दिसणाऱ्या आपल्या बहुतेक पाली हेमिडॅक्टिलस या वंशातल्या आहेत. या वंशात शंभराहून अधिक जाती आहेत आणि अजून नव्या सापडत आहेत. २००८ साली वरद गिरी आणि आरॉन बाउअर या शास्त्रज्ञांनी सातारा परिसरातून एक नवी जाती नोंदवली. तिचे नाव हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस. म्हणजे पालींविषयी सगळे कळून चुकले आहे, असे मुळीच नाही.

एक गोष्ट मात्र नक्की कळलेली आहे. आपल्या घरातल्या पालीला विष नसते. तिच्या दातात नसते, कातडीत नसते आणि शेपटीतही नसते. मात्र तिच्या विष्ठेत पोट बिघडवणारे साल्मोनेला जातीचे जंतू असू शकतात. म्हणून अन्न झाकून ठेवावे आणि पालीच्या डब्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. विषाची भीती खोटी आहे, स्वच्छतेची गरज खरी आहे.

लहान असण्याची किंमत

आता त्या पिलाकडे वळू. मोठी पाल साधारण पंधरा सेंटिमीटर लांब असते. अंड्यातून नुकतेच निघालेले पिलू पाच सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे लांबीत पाल पिलाच्या तिप्पट आहे. दोघांचा आकार सारखाच आहे असे मानू. मग पालीच्या कातडीचे क्षेत्रफळ पिलाच्या ३ × ३ म्हणजे ९ पट होईल आणि तिचे वजन ३ × ३ × ३ म्हणजे २७ पट होईल.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. वजन २७ पट, पण कातडी केवळ ९ पट. उलट बाजूने पाहिले, तर दर ग्रॅम वजनामागे पिलाकडे पालीपेक्षा तिप्पट कातडी आहे. उष्णता आत येते ती कातडीतून. बाहेर जाते ती कातडीतून. शरीरातले पाणीही बरेचसे कातडीवाटेच उडते. म्हणून पिलू पालीच्या तिप्पट वेगाने तापते, तिप्पट वेगाने गार होते आणि तिप्पट वेगाने सुकते. मोठ्या पालीने सहज सोसलेली दुपार पिलाचा जीव घेऊ शकते.

बाटली, ऊन आणि एक हिशेब

कडक दुपारी, उन्हाला काटकोनात धरलेल्या एक चौरस मीटर जागेवर दर सेकंदाला सुमारे १००० ज्यूल ऊर्जा पडते. पिलाच्या पाठीचे क्षेत्रफळ आपण दोन चौरस सेंटिमीटर धरू. एका चौरस मीटरमध्ये १०,००० चौरस सेंटिमीटर असतात. तेव्हा पिलावर दर सेकंदाला ०.२ ज्यूल ऊर्जा पडेल. त्यातला पाव भाग परत फेकला गेला असे समजू. उरली ०.१५ ज्यूल. मिनिटाला ती झाली ९ ज्यूल.

पिलाचे वजन अर्धा ग्रॅम धरू. पाण्याची विशिष्ट उष्णता ४.२ आहे. प्राण्याच्या शरीराची त्याहून थोडी कमी, म्हणजे ३.५ धरू. मग पिलाचे तापमान एक अंशाने वाढायला ०.५ × ३.५ म्हणजे १.७५ ज्यूल लागतील. आता ९ ला १.७५ ने भागा. उत्तर पाचाहून थोडे अधिक येते.

म्हणजे उष्णता बाहेर जायला वाट नसेल, तर पिलू दर मिनिटाला पाच अंशांनी तापेल! सुरुवातीला ३५ अंश असेल, तर दोन मिनिटांत ४५. आणि पंचेचाळीस अंशांच्या आसपास पोचलेले शरीर बहुतेक पालींना सोसत नाही.

उघड्यावर असे होत नाही. वारा उष्णता वाहून नेतो आणि मुख्य म्हणजे पिलू सावलीत पळते. बाटलीत सावली नाही आणि वाराही नाही. काच सूर्याचा प्रकाश आत येऊ देते, पण तापलेल्या तळातून निघणारी उष्णतेची लांब लहरींची प्रारणे आणि तापलेली हवा तिच्यातून सहज बाहेर पडत नाही. झाकणाची पाच-सहा भोके श्वासाला पुरतात. उष्णता बाहेर काढायला ती पुरत नाहीत. माझ्या पिलाला मी हवा दिली होती, पण पळून जायला जागा दिली नव्हती.

यातून पालीच्या घराचा पहिला नियम मिळतो : पिलाचे घर कधीही थेट उन्हात ठेवू नये. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा आहे : घरात एक बाजू उबदार आणि एक बाजू थंड असलीच पाहिजे. थंड रक्ताचा प्राणी म्हणजे सतत गरम राहू इच्छिणारा प्राणी नव्हे. तो जागा बदलून आपले तापमान ठरवतो. त्याला जागा बदलता आली नाही, तर त्याच्याकडे दुसरा उपाय नसतो.

पालीने निवडलेले घर

आमच्या भागात पूर्वी माळवदाची घरे होती. दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा थर. बाहेर चाळीस अंश असले, तरी भिंतीच्या फटीत तापमान फार हलत नसे, कारण एवढ्या जाड भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत रात्र होई. अशा फटी पालींना फार मानवत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि आमच्या तालुक्यातल्या अनेक गावांत याच जड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. त्यानंतर सिमेंटची घरे वाढत गेली. ती माणसांसाठी अधिक सुरक्षित आहेत. पण सिमेंटचा पातळ स्लॅब लवकर तापतो. मग पालीने नव्या फटी शोधल्या : मीटरच्या पेटीमागची, फोटोच्या चौकटीमागची, ट्यूबलाइटच्या पट्टीमागची.

या सगळ्या जागांत सारखे काय आहे ते पाहा. फट अरुंद आहे, आत अंधार आहे, तापमान फार बदलत नाही आणि शेजारीच रात्री दिवा लागतो, ज्यावर किडे येतात. पिलाला घर करून द्यायचे, म्हणजे याच चार गोष्टी लहान प्रमाणात करून द्यायच्या.

त्या मुलीने आणि मी असे घर केले. साधारण एक फूट उंच, पारदर्शक प्लास्टिकचा डबा घेतला. तो उभा ठेवला, कारण घरातली पाल जमिनीवर नाही, तर भिंतीवर राहते. तिला लांबीपेक्षा उंची हवी. झाकणाचा मधला भाग कापून तिथे बारीक जाळीचे कापड चिकटवले. जाळी इतकी बारीक हवी, की चिलटही बाहेर जाऊ नये. तळाला साधा कागद घातला. वाळू किंवा लाकडाचा भुसा घातला नाही, कारण शिकार पकडताना पिलू तो गिळू शकते आणि त्याचे पोट तुंबू शकते. आत झाडाच्या सालीचा एक तुकडा तिरका उभा केला आणि जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे मध्ये काडीइतकी फट ठेवून बांधले. पिलू सोडल्यावर पाचच मिनिटांत त्या फटीत शिरले आणि दिवसभर बाहेर आले नाही. ते पाहून घर जमले, असे समजावे.

जूनमध्ये आमच्याकडे खोलीचे तापमान तीस अंशांच्या आसपास असते. तेवढे पिलाला पुरते. थंडीत असे पिलू सांभाळावे लागले, तर डब्याच्या बाहेर एका बाजूला कमी वॅटचा, तापणारा जुन्या पद्धतीचा दिवा थोड्या अंतरावर लावावा. दिवा आत लावू नये, पिलू त्याला चिकटून भाजते. उबदार बाजू ३० ते ३२ अंश आणि दुसरी बाजू २५-२६ अंश असावी. अंदाजावर राहू नका. दोन्ही बाजूंना तापमापक ठेवून पाहा.

ओलावा आणि पायाची पकड

पाल काचेवर कशी चालते, हा प्रश्न मुले नेहमी विचारतात. सिंहगडाच्या कथेतली घोरपड सर्वांना माहीत असते. पण घोरपडीची पकड नखांची. गुळगुळीत काचेवर नखे काय करणार? पालीच्या बोटांखाली चुण्या असतात आणि चुण्यांवर सूक्ष्म केस असतात. आग्नेय आशियात आणि आपल्या ईशान्य भागात आढळणाऱ्या टोके नावाच्या मोठ्या पालीच्या एका पायावर असे सुमारे पाच लाख केस असतात. प्रत्येक केसाला पुढे शेकडो फाटे फुटतात. फाट्याचे टोक मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाइतके असते. ही टोके भिंतीच्या रेणूंच्या इतकी जवळ जातात, की दोहोंमध्ये व्हान डर व्हाल्स आकर्षण काम करू लागते. डच शास्त्रज्ञ योहानेस व्हान डर व्हाल्स यांना १९१० चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांच्याच नावाने हे आकर्षण ओळखले जाते.

२००० साली अमेरिकेतील केलर ऑटम व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका केसाची पकड मोजली. ती सुमारे २०० मायक्रोन्यूटन भरली. म्हणजे एक केस जवळजवळ २० मिलिग्रॅम वजन पेलू शकतो. पाच लाख केसांनी गुणा. दहा किलोग्रॅम! सगळे केस एकाच वेळी टेकत नाहीत, म्हणून प्रत्यक्ष पकड याहून पुष्कळ कमी असते. तरीही पालीच्या वजनाच्या मानाने ती प्रचंड आहे. २००२ साली याच गटाने दाखवले, की ही पकड पाण्याच्या चिकटपणामुळे नाही, तर व्हान डर व्हाल्स आकर्षणामुळेच आहे.

याचा पिलाच्या घराशी संबंध काय? पाल वेळोवेळी कात टाकते. बोटांवरची कातही निघावी लागते. पिलू पहिली कात जन्मल्यानंतर लगेचच टाकते. हवा फार कोरडी असली, तर बोटांवरची जुनी कात सुकून तिथेच आवळून बसते. मग केस झाकले जातात, पकड जाते आणि कधी बोटच झडते. भिंतीवर चढता न येणारे पिलू शिकारही करू शकत नाही. म्हणून ओलावा ही चैनीची गोष्ट नाही.

उपाय सोपा आहे. रोज संध्याकाळी डब्याच्या एका आतल्या बाजूवर पाण्याचा बारीक फवारा मारावा आणि सकाळपर्यंत ती बाजू सुकू द्यावी. सतत ओल राहिली, तर बुरशी येते. फवाऱ्याने दुसरे कामही होते. पाल वाटीतले पाणी सहसा ओळखत नाही, ती भिंतीवरचे थेंब जिभेने चाटते. दुसऱ्या दिवशी रात्री आमच्या पिलाने तीन थेंब चाटले आणि मग स्वतःचे डोळेही चाटून पुसले. घरातल्या पालीला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक आवरण असते आणि ते ती जिभेने साफ करते.

काय खाते, किती खाते?

भाताचे शीत आणि दूध पिलाने का खाल्ले नाही? पाल हलणाऱ्या गोष्टीलाच अन्न मानते. शीत हलत नाही. आणि दूध हा तिचा आहारच नाही, त्याने उलट पोट बिघडते. शिवाय अंड्यातून बाहेर आलेल्या पिलाच्या पोटात बलकाचा थोडा साठा शिल्लक असतो. पहिले दोन-तीन दिवस त्यावर निघतात. या काळात पिलू खात नाही म्हणून घाबरू नये आणि तोंड उघडून काही कोंबू तर मुळीच नये.

पिलाचे अन्न म्हणजे लहान जिवंत कीटक. माप असे : पिलाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा कीटक मोठा असू नये. डास, चिलटे, बारीक पतंग, रातकिड्याची अगदी लहान पिले, पहिल्या पावसानंतर दिव्यावर येणाऱ्या पंखवाल्या वाळव्यांतल्या लहान वाळव्या. यांतली चिलटे मिळवणे सर्वांत सोपे. पिकलेल्या केळ्याची साल बाटलीत घालून स्वयंपाकघरात उघडी ठेवा. तासाभरात चिलटे जमतात. तोंडावर कागद धरा, बाटली डब्यात उपडी करा. बाटली कापडाने झाकून ठेवली, तर त्या सालीवर घातलेल्या अंड्यांतून दहा-बारा दिवसांत नवी चिलटे तयार होतात, म्हणजे घरचाच पुरवठा सुरू होतो.

पिलाला रोज संध्याकाळी खायला द्यावे. तीन ते पाच लहान कीटक पुरतात. पंधरा मिनिटांत जे खाल्ले नाहीत, त्यांतले मोठे कीटक काढून घ्यावेत. उपाशी रातकिडा झोपलेल्या पिलालाच चावतो. मोठ्या पालीला एक-दोन दिवसांआड दिले तरी चालते. एवढ्या थोड्या अन्नात तिचे कसे भागते? आपण खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग शरीर ३७ अंशांवर ठेवण्यात खर्च होतो. पालीला तो खर्चच नाही. तेवढ्याच वजनाच्या उंदराला जे अन्न लागेल, त्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी अन्नात तिचा दिवस जातो. पण पचनासाठी ऊब हवीच. पोटभर खाल्लेले पिलू थंडीत राहिले, तर अन्न पोटात तसेच पडून राहते. म्हणून आधी तापमान, मग जेवण.

देऊ नयेत असे कीटकही आहेत. औषध फवारलेल्या घरातली झुरळे आणि शेतातले फवारणीनंतरचे किडे देऊ नयेत. त्यांच्यातले विष पिलात उतरते. लाल मुंग्या चावतात. काजवे तर कधीच देऊ नयेत, काही काजव्यांत सरपटणाऱ्या प्राण्यांना मारक असे द्रव्य असते.

हाडांसाठी चुना

पिलू वाढते, तेव्हा हाडांना कॅल्शियम लागते. कीटकांत ते फार थोडे असते. रानात पाल वीस प्रकारचे कीटक खाते, म्हणून तिचे भागते. डब्यात आपण एकच प्रकार देत राहतो. मग काही आठवड्यांत जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. म्हणून दिवसाआड कीटक देण्यापूर्वी त्यांना कॅल्शियम कार्बोनेटच्या पुडीत हलकेच घोळवावे. उकळून वाळवलेल्या अंड्याच्या टरफलाची वस्त्रगाळ पूड चालते. समुद्रफेसाची पूडही चालते. शाळेतला खडू मात्र वापरू नका. तो बहुधा जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा असतो.

कॅल्शियम शरीरात मुरायला ड जीवनसत्त्व लागते आणि ते सूर्याच्या अतिनील किरणांनी कातडीत तयार होते. इथे काचेची आणखी एक खोड लक्षात घ्या. साधी खिडकीची काच उन्हाची ऊब आत सोडते, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण अडवते. म्हणजे काचेआडच्या उन्हाचा पिलाला तोटाच आहे, फायदा नाही. त्यापेक्षा सकाळी थोडा वेळ डबा उघड्या पडवीत सावलीत ठेवावा. जाळीतून आकाशाचा विखुरलेला प्रकाश आत येतो, तो पुरतो.

पिलाची प्रकृती ओळखायची खूण शेपटीत आहे. पाल चरबी शेपटीत साठवते. शेपूट बुडाशी भरलेली असेल, तर पोषण ठीक आहे. ती सुतळीसारखी बारीक झाली, तर कुठेतरी चुकते आहे.

हात लावू नका

शेपटीला धरून पिलू उचलले, तर शेपूट तुटून हातात येते. शेपटीच्या मणक्यांतच तुटण्यासाठी ठरलेल्या जागा असतात. तुटलेली शेपूट वळवळत राहते, शत्रूचे लक्ष तिकडे जाते आणि पाल निसटते. पुढे नवी शेपूट येते, पण तिच्यात हाडांऐवजी कूर्चेची दांडी असते. शेपूट गमावणे म्हणजे साठवलेले अन्न गमावणे, हे ध्यानात ठेवा. डबा साफ करताना पिलाला कागदाच्या नळीत शिरू द्यावे आणि नळीसकट बाजूला ठेवावे.

अंडी सापडली, तर तीही उलटी करू नयेत. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यात गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला धरून वाढतो. अंडे फिरवले, तर तो मरू शकतो. ज्या बाजूने ते वर होते, तीच बाजू वर ठेवून ते शेजारच्या फटीत हलवावे.

पाळणे आणि सांभाळणे

परदेशात अनेक मुले 'लेपर्ड गेको' नावाची ठिपकेदार पाल पाळतात. ती मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या खडकाळ भागातली. तिला पापण्या असतात, पण बोटांवर चिकटणारे केस नसतात. ती जमिनीवर राहते. म्हणून तिचे घर उंच नाही, तर पसरट लागते. पाळलेल्या पालींच्या पिढ्यान्पिढ्या तिथे पिंजऱ्यातच जन्मलेल्या आहेत. तिची एक भाऊबंद जाती आपल्या महाराष्ट्रातही आढळते, आणखी एक २०१४ साली सातपुड्यातून शास्त्रज्ञांनी नोंदवली. या पाली रात्री हिंडतात आणि विषारी समजून लोक त्यांना मारतात. त्या निरुपद्रवी आहेत. त्यांना मारू नका आणि पाळण्यासाठी धरूही नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्याच्या याद्या नव्याने केल्या गेल्या. रानातले प्राणी धरून आणणे हा अनेक बाबतींत गुन्हा आहे. टोके पालीपासून औषध बनते, अशा खोट्या समजुतीने तिची इतकी चोरटी विक्री झाली, की २०१९ साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आणावे लागले.

मी त्या मुलीला हे सगळे सांगितले आणि विचारले, "तुला हे पिलू हवे आहे, की ते जगायला हवे आहे?" ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "जगायला हवे." ते तिच्या भिंतीवर जन्मले होते. त्याचे घर तयारच होते, फक्त गवंडी आणि वायरमन यांचे काम संपायचे होते. तोवर सांभाळायचे, असे ठरले.

अकरा दिवस तिने वही ठेवली. पहिला दिवस : कात टाकली. तिसरा दिवस : एक चिलट खाल्ले. पाचवा : चार चिलटे, एक डास. आठवा : पहिल्यांदा शेपूट जाड दिसली. अकराव्या दिवशी भिंतीचे काम संपले. संध्याकाळी तिने डबा नव्या पेटीजवळ धरला आणि झाकण काढले. वायरमनने तिच्या सांगण्यावरून पेटीमागे बोटभर फट मोकळी ठेवली होती. पिलू काठावर क्षणभर थांबले आणि सरसर त्या फटीत गेले. आजी दारात उभी होती. ती म्हणाली, "गेलं एकदाचं." पण दुसऱ्या दिवशी अंगणातला दिवा उशिरापर्यंत चालू ठेवायला तिनेच सांगितले, म्हणे डास त्याच्याकडे येतात.

तुमच्यासाठी काम

पाल पाहायला डबा लागत नाही. तुमच्या घरातला रात्रीचा दिवा हीच प्रयोगशाळा समजा. सात दिवस, रोज रात्री आठ ते साडेआठ या वेळात बसा आणि या गोष्टी लिहा : (१) भिंतीचे व हवेचे तापमान, (२) दिव्याजवळ किती पाली आल्या, त्यांत पिले किती, (३) अर्ध्या तासात एका पालीने किती कीटक पकडले आणि कितींवरचा झेप घेण्याचा प्रयत्न फसला, (४) पाल दिव्यापासून किती सेंटिमीटरवर बसते.

हीच नोंद जूनमध्ये, ऑक्टोबरमध्ये आणि जानेवारीत करा. तापमान आणि कीटकांची संख्या यांचा आलेख काढा. जानेवारीत तुमचा आलेख शून्याजवळ का आला, हे या लेखातल्या हिशेबावरून तुम्हाला सांगता येईल. आणि वर्गातल्या कोणी पिलू बाटलीत घालून आणले, तर पहिल्यांदा ती बाटली उन्हातून उचला.